माउंटन बाइकची चेन: टिकाऊ कशी निवडावी आणि तुटू नये म्हणून काय करावं

माउंटन बाइकची चेन तुटते ती बहुतेक वेळा चढावर. पुढे लहान चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र) टाकलेली असते, आपण पेडलवर उभे असतो, चाक एखाद्या दगडाला अडतं आणि नेमका तेव्हाच गिअर बदलायला अंगठा दाबला जातो. खटकन आवाज येतो, पाय मोकळा खाली जातो आणि गुडघा हँडलवर आपटतो. घाटात मागून गाडी येत असेल तर एवढ्यावर भागत नाही. म्हणून या विषयाकडे फक्त खर्च वाचवायचा म्हणून बघू नका, अंग वाचवायचं आहे म्हणून बघा.

चढावर चेनला किती ओढ बसते, त्याचा हिशोब सोपा आहे. ७५ किलोचा माणूस १७० मिलिमीटरच्या आडव्या क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) पूर्ण वजन टाकून उभा राहिला, तर ३२ दात्यांच्या चेनरिंगवर चेनला साधारण २०० किलोंची ओढ बसते. तोच माणूस २२ दात्यांच्या चेनरिंगवर आला की ओढ २८० किलोंच्या पुढे जाते. पायाला हलका वाटणारा गिअर चेनला मात्र जड असतो. तरीही धडधाकट चेन सरळ रेषेत याच्या दुपटीहून जास्त भार सोसते. म्हणजे नुसत्या ताकदीने चेन तुटत नाही. ओढ तिरकी बसली, जोड कच्चा असला किंवा एखाद्या प्लेटला (कडीच्या बाजूच्या पट्टीला) आधीच तडा गेलेला असला, तरच ती तुटते. महागडी चेन घेऊन यातलं एकही कारण आपोआप जात नाही. योग्य मापाची चेन, पक्का जोड आणि गिअर बदलण्याची चांगली सवय, या तीन गोष्टी सांभाळल्या तर मध्यम किमतीची चेनही उत्तम साथ देते.

पहिलं काम: मागची चक्रं मोजा

दुकानात जाऊन ‘२४ गिअरची चेन द्या’ म्हणू नका. पुढच्या तीन आणि मागच्या आठ चक्रांचा गुणाकार म्हणजे २४, पण चेन ठरते ती फक्त मागच्या आकड्यावरून. मागे जितकी चक्रं जास्त, तितकं त्यांच्यातलं अंतर कमी आणि तितकी चेन अरुंद. आठची चेन बाहेरून साधारण ७.१ मिलिमीटर रुंद असते, नऊची ६.६ च्या आसपास, दहाची जेमतेम ६, अकराची साडेपाच आणि बाराची सव्वापाचच्या जवळ. सहा, सात आणि आठ चक्रांना एकच चेन चालते, त्यामुळे सात चक्रांच्या फ्रीव्हीलवाल्या सायकलींना काही अडचण नाही. त्यापुढे मात्र आकडा जुळवूनच घ्या. नऊच्या कॅसेटवर (मागच्या चक्रांच्या संचावर) आठची चेन चढवली तर ती शेजारच्या चक्राला घासत राहते.

बारा गिअरमध्ये आणखी एक सावधगिरी हवी. शिमानो कंपनीची बाराची चेन आणि स्रॅम कंपनीची ईगल चेन यांचा मेळ आपापल्या चक्रांशी चांगला बसतो. स्रॅमच्या नव्या ट्रान्समिशन मालिकेतली सपाट पाठीची चेन तर जुन्या ईगलवर चालतच नाही. इथे प्रयोग न केलेलेच बरे.

दुसरं काम: टिकाऊ चेन ओळखा

टिकाऊपणा दोन प्रकारचा असतो: न झिजणं आणि न तुटणं. महाग चेनमध्ये बऱ्याचदा वजन कमी करायला पोकळ पिना (कड्या जोडणाऱ्या खिळ्या) आणि खाचा पाडलेल्या प्लेट्स असतात. शर्यतीत भाग घेणाऱ्याला त्या ठीक. सह्याद्रीत दगडधोंड्यांतून सायकल नेणाऱ्याला भरीव पिना आणि अखंड प्लेट्सची चेन जास्त भरवशाची. दहा-वीस ग्रॅम वाचवून तुमच्या चढाला काही फरक पडत नाही.

पैसे वाढवायचेच असतील तर ते पिना आणि रोलरच्या (पिनेभोवती फिरणाऱ्या नळीच्या) कडकपणासाठी वाढवा. चेनची झीज पिनेवर होते, बाहेरच्या चकाकीवर नाही. स्रॅमच्या वरच्या मालिकांत पिनांवर कडक क्रोमचा थर असतो, शिमानोच्या वरच्या चेनवर घर्षण कमी करणारी सिल-टेक नावाची प्रक्रिया केलेली असते. सोनेरी रंग दिसायला छान असतो, पण तेवढ्यासाठी दुप्पट पैसे देऊ नका. कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत राहत असाल तर मात्र निकेलचा मुलामा किंवा गंजरोधक थर असलेली चेन जरूर घ्या. केएमसी कंपनीच्या गंजरोधक चेनच्या नावापुढे ईपीटी ही अक्षरं असतात. नुसत्या काळपट-तपकिरी प्लेट्सची स्वस्त चेन खाऱ्या हवेत फार लवकर लाल पडते.

नकली मालही बाजारात फिरतो. चेन डब्यातून बाहेर काढून हातात घ्या. प्लेटवरचं नाव खोल आणि नीट उठलेलं हवं, प्रत्येक रोलर बोटाने मोकळा फिरायला हवा, आणि पिनेची टोकं सगळीकडे सारखी दिसायला हवीत. एखादी पिन आत, एखादी बाहेर दिसली तर डबा परत ठेवा.

तिसरं काम: लांबी

जुनी चेन योग्य लांबीची होती आणि कॅसेट तीच आहे, तर नव्या चेनच्या कड्या मोजून तेवढ्याच ठेवा. दोन्ही चेन शेजारी लटकवून कापू नका, जुनी झिजून लांबलेली असते. पहिल्यांदाच बसवत असाल तर चेन पुढच्या सर्वांत मोठ्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावरून, डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारी यंत्रणा) वगळून, गुंडाळा. दोन टोकं जिथे जुळतात तिथून एक इंच, म्हणजे एक आतली आणि एक बाहेरची कडी, जास्त ठेवा. मागे सस्पेन्शन असेल तर ते दाबून, चेनला सर्वांत जास्त लांबी लागेल त्या स्थितीत माप घ्या. चेन आखूड पडली तर मोठ्या-मोठ्या जोडीत गेल्याबरोबर ती तरी तुटते किंवा डिरेलर तरी उपटून निघतो. घाई करू नये असं हे एक काम आहे.

चौथं काम: जोड, खरी नाजूक जागा

चेनमधल्या प्रत्येक पिनेची टोकं कारखान्यात ठोकून किंचित पसरवलेली असतात. त्या पसरट कडेमुळेच बाहेरची प्लेट जागेवर राहते. चेन कटरने पिन बाहेर ढकलली की ती कड तासली जाते. तीच पिन परत आत दाबली तर वरून ती अगदी ठीक दिसते, पण प्लेटला धरून ठेवणारं काही उरलेलं नसतं. दहा-वीस फेऱ्या चालेल, मग एका चढावर प्लेट एका बाजूने सुटेल. ‘काढलेलीच पिन ठोकून देतो’ असं मेकॅनिक म्हणाला तर त्याला नम्रपणे थांबवा. पूर्वीच्या जाड, साध्या चेनला ते चालून जायचं, आजच्या अरुंद चेनला नाही.

जोडायला क्विक लिंक, म्हणजे दोन तुकड्यांची जोडकडी, वापरा. ती मिसिंग लिंक या नावानेही मिळते. इथेही आकडा तोच लागतो: दहाच्या चेनला दहाची लिंक. दोन्ही टोकांना आतल्या कड्या यायला हव्यात, मग लिंकचे दोन तुकडे समोरासमोरून घाला आणि हाताने ताणून ठेवा. आता पेडल फिरवून लिंक वरच्या बाजूला, चेनरिंग आणि कॅसेटच्या मध्ये आणा. मागचा ब्रेक दाबून धरा आणि पेडलवर जोर द्या. टक् असा आवाज येतो. एवढ्यावर समाधान मानू नका. खाली वाकून दोन्ही बाजूंनी बघा: पिन लांबट भोकाच्या अरुंद टोकात पूर्ण सरकलेली असली पाहिजे. एका बाजूला जरी फट दिसली तरी पुन्हा जोर द्या.

दहा, अकरा आणि बाराच्या बहुतेक लिंक कंपन्या एकदाच वापरायला सांगतात. आठ-नऊच्या बऱ्याच लिंक पुन्हा वापरता येतात. शिमानोची जोडपिन वापरणार असाल तर प्रत्येक वेळी नवी घ्या. तिचं टोकदार पुढचं टोक आत ढकलल्यावर पकडीने मोडून टाकायचं असतं. शिमानोच्या दहापासून पुढच्या अनेक चेनना बाजूही असते, नाव कोरलेली बाजू बाहेर ठेवा.

पाचवं काम: गिअर बदलण्याची सवय

मागचा डिरेलर खालच्या, सैल असलेल्या चेनवर काम करतो. पुढचा डिरेलर मात्र वरची, ताणलेली चेन बाजूने ढकलतो. म्हणून दोन किंवा तीन चेनरिंगच्या सायकलवर चढाच्या मध्यात पुढचा गिअर बदलणं हे चेनवर करता येण्यासारखं सर्वांत वाईट काम आहे. शेकडो किलोंच्या ओढीत असलेली चेन आडवी रेटली जाते, प्लेटची कड चक्राच्या दात्यावर चढते आणि पिनेवरून उचकटते. त्या क्षणी तुटली नाही तरी प्लेट वाकलेली राहते आणि पुढच्या कुठल्या तरी साध्या चढावर तुटते. लोक मग म्हणतात, काही केलंच नव्हतं, आपोआप तुटली.

उपाय साधा आहे. चढ दिसताच, चढायला लागण्याआधी, लहान चेनरिंगवर या. चढात मागचा गिअर बदलावाच लागला तर अर्धी फेरी आधी थोडा जोर लावून वेग घ्या, मग पाय हलके फिरवत ठेवा आणि त्या हलक्या फेरीत एकच गिअर बदला. पाय थांबवायचे नाहीत, फक्त दाब काढायचा. सिंहगडाच्या घाटात किंवा वेताळ टेकडीच्या मुरमाड वाटेवर थोडा सराव केला की हे अंगवळणी पडतं. मोठी-मोठी आणि लहान-लहान जोडी टाळा, तिथे चेन सतत तिरकी चालते. मोटर मध्यभागी असलेली ई-बाइक असेल तर हा नियम दुप्पट कडक पाळा, कारण तुमच्या पायासोबत मोटरही ओढत असते.

सहावं काम: बघणं आणि मोजणं

चेन पुसून स्वच्छ करा, उजेडात सायकल उभी करा आणि पेडल सावकाश उलटं फिरवत एकेक कडी डोळ्यांखालून घाला. तडा बहुतेक वेळा प्लेटच्या भोकाच्या कडेपासून सुरू होतो, केसाएवढी काळी रेघ दिसते. तेलात ती लपते, म्हणून आधी पुसायचं. मग मागून, चेनच्या रेषेत डोळा ठेवून बघा: एखादी कडी वळलेली असेल तर तिथे ओळ मोडलेली दिसते. डिरेलरच्या छोट्या चक्रांवरून जाताना एखादी कडी टुणकन उडत असेल तर ती जाम आहे. ती दोन्ही हातांनी आडवी हलवून मोकळी करा. तडा गेलेली किंवा वळलेली कडी मात्र सरळ करू नका, काढून टाका.

झीज मोजायला चेन चेकर मिळतो, पण पोलादी फूटपट्टीही पुरते. शून्य एका पिनेच्या मध्यावर ठेवा. नव्या चेनची २४ वी पिन बरोबर १२ इंचांवर, म्हणजे ३०४.८ मिलिमीटरवर येते. अकरा-बाराची चेन ३०६.३ ला पोहोचली की बदला, आठ ते दहाची ३०७ पर्यंत चालवता येते. त्यापुढे ताणलं तर कॅसेटचे दातेही त्याच मापाने झिजतात, मग नवी चेन बसवली तरी ती जोर देताच उडी मारते. प्रत्येक उडीचा झटका चेनलाच बसतो.

सातवं काम: स्वच्छता आणि तेल

गंज काढायला आम्ल किंवा कॉस्टिकसारखी तीव्र रसायनं कधीही वापरू नका. प्लेट चकचकीत होते, पण पोलाद आतून ठिसूळ होतं आणि मग चेन काही सूचना न देता तुटते. वॉशिंग सेंटरच्या दाबाच्या पाण्याखालीही चेन धरू नका, चिखल रोलरच्या आत ढकलला जातो. साधा साबण, ब्रश, कोरडं फडकं एवढं पुरे. डब्ल्यूडी-४० चा नेहमीचा स्प्रे पाणी घालवतो, पण त्याला चेनचं तेल समजू नका. इंजिनचं काळं वापरलेलं तेल आणि ग्रीस तर नकोच, दोन्ही धूळ धरतात.

चेनचं तेल प्रत्येक रोलरवर एकेक थेंब, आतल्या बाजूने टाका, पेडल उलटं फिरवा, रात्रभर मुरू द्या आणि सकाळी बाहेरचं सगळं पुसून काढा. पावसाळ्यात ओलं म्हणून विकलं जाणारं दाट तेल, उन्हाळ्यात कोरडं. समुद्रकिनाऱ्यावरून सायकल आणली तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुऊन, पुसून तेल द्या. दुसऱ्या दिवसावर टाकू नका.

वाटेत तुटलीच तर

पिशवीत चेन कटर, तुमच्या आकड्याच्या दोन क्विक लिंक, हातमोजे आणि जुन्या स्पोकचा दोन्ही टोकं वाकवलेला आकडा ठेवा. चेन नवी बसवताना उरलेल्या तुकड्यातली एक आतली कडीही टेपने चिकटवून ठेवा.

तुटलेली दोन्ही टोकं डिरेलरमधून पुन्हा ओवून आकड्याने एकमेकांजवळ धरा. बाहेरची प्लेट तुटली असेल तर ती कडी काढा, दोन्हीकडे आतल्या कड्या राहतात, मध्ये क्विक लिंक घाला. लांबी तेवढीच राहते. आतली कडी तुटली असेल तर तिच्या दोन्ही बाजूंच्या बाहेरच्या कड्याही काढाव्या लागतात. तिथे जपून ठेवलेली आतली कडी दोन क्विक लिंकच्या मध्ये बसवा, चेन पूर्ण लांबीची होते. सुटी कडी नसेल तर एकच लिंक घाला. चेन एक इंच आखूड होईल, तेव्हा घरी पोहोचेपर्यंत मोठ्या-मोठ्या जोडीत जाऊ नका. निघण्याआधी डिरेलरचा हॅन्गर (डिरेलर ज्या पट्टीवर बसतो ती) मागून बघा. तुटताना तो आत वाकला असेल तर सर्वांत मोठ्या चक्रावर जाताना डिरेलर स्पोकमध्ये अडकेल, म्हणून तो गिअर टाळा आणि बसूनच पेडल मारा.