टॅसिटर्न शब्द कुठे वापरायचा आणि कुठे अजिबात नाही

इंग्लिशमधला टॅसिटर्न (taciturn) म्हणजे गप्प, एवढंच पाठ केलंत तर पहिल्याच वाक्यात फसाल. मीटिंगमधे कोणी काही बोललंच नाही, बाळ झोपलंय म्हणून सगळे दहा मिनिटं गप्प बसले, असल्या ठिकाणी टॅसिटर्न चालत नाही, तिथे साधं सायलेंट नाहीतर क्वाएट घ्यायचं. टॅसिटर्न हा स्वभाव आहे. तुम्ही पाच वाक्यं बोललात की जो नुसतं 'हं' म्हणतो आणि परत खिडकीबाहेर बघतो, तो टॅसिटर्न. आजही तसाच, उद्याही तसाच.

म्हणून 'ही इज अ टॅसिटर्न मॅन' बरोबर, पण 'ही वॉज टॅसिटर्न फॉर टेन मिनिट्स' कानाला खटकतं. उच्चार करताना जोर टॅ वर द्या, आणि मधल्या सी चा उच्चार स, क नाही.

मराठीत काय म्हणायचं? मितभाषी म्हटलं की कौतुक होतं, अबोल म्हटलं की जरा हळवं वाटतं, घुम्या म्हटलं की ह्याच्या मनात काहीतरी शिजतंय असा संशय येतो. टॅसिटर्न मला अबोल आणि घुम्याच्या मधे कुठेतरी वाटतो, थोडा कोरडा, पण शिवी नाही. अबोला धरलेल्या माणसाला मात्र तो लावू नका, ते भांडण झालं, स्वभाव नव्हे.

मूळ लॅटिन. ताकेरे म्हणजे गप्प राहणं. त्यातूनच टॅसिट आला, म्हणजे न बोलता समजून घेतलेलं, आपली मूक संमती असते ना, ती टॅसिट अप्रूव्हल. टॅसिट माणसाला लावत नाहीत, संमतीला, कराराला, समजुतीला लावतात. (रोमन इतिहासकार टॅसिटस, त्याचं नावही ह्याच शब्दातलं, आणि लिहून ठेवलंय बघा किती!)

खरा गोंधळ रेटिसंटचा होतो. तोही ताकेरेचाच नातेवाईक, पण रेटिसंट माणूस एरवी भरपूर बोलू शकतो, फक्त एखाद्या विषयावर तोंड उघडत नाही, म्हणून पुढे अबाउट येतो, 'रेटिसंट अबाउट हिज पास्ट' असं. १६ व्या शतकातला डच नेता विल्यम ऑफ ऑरेंज घ्या, फ्रेंचमधे त्याला ल तासितुर्न म्हणतात आणि इंग्लिशमधे विल्यम द सायलेंट. गोष्ट अशी सांगतात की फ्रान्सच्या राजाने प्रोटेस्टंटांना संपवायचा बेत शिकारीच्या वेळी त्याच्यासमोर बोलून दाखवला आणि हा चेहऱ्यावर काही न दाखवता ऐकत राहिला. एरवी गडी चांगला गप्पिष्ट होता म्हणे, म्हणजे आजच्या इंग्लिशप्रमाणे त्याला रेटिसंट म्हणायला हवं होतं, टॅसिटर्न नाही. टॅसिटर्न शोभेल तो अमेरिकेचा अध्यक्ष कॅल्विन कूलिजला, १९२३ ते १९२९, टोपणनावच सायलेंट कॅल.

रेटिसंट हा शब्द हल्ली बरेच जण एखादी गोष्ट करायला नाखूष ह्या अर्थानेही वापरतात, पण परीक्षेत किंवा अर्जात ते टाळा, तिथे रिलक्टंट लिहा.

आणि टॅसिटर्न लिहिण्यातच शोभतो, म्हणजे गोष्टीत, व्यक्तिचित्रात वगैरे. गप्पा मारताना कोणी एवढा जड शब्द काढत नाही, 'ही डझन्ट टॉक मच' म्हणून मोकळे होतात.