सरप्राईज पोर्ट्रेट काढताय? या चुका टाळा, आणि आधी फोटो नीट मागा

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मुली माहेरी येतात, त्याच सुमारास लग्नं, रिटायरमेंट, एकसष्टी, त्यामुळे उन्हाळ्यात जळगावात माझ्याकडे सरप्राईज पोर्ट्रेटच्या ऑर्डरी वाढतात आणि त्याच्या दुप्पट वाढतात चित्रं काढणाऱ्या नव्या पोरांचे फोन. "सर, सगळं जमलंय पण तो माणूस वाटत नाहीये." मी दर वेळी एकच विचारतो, फोटो कुठला घेतलास? ब्रश, रंग, कॅनव्हास यावर नंतर बोलू.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे सेल्फीवरून चित्र काढणं. ही मी स्वतः केलेली आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. धरणगावकडचा एक मुलगा वडिलांच्या एकसष्टीसाठी आला होता, 18 बाय 24 इंच, ऑइल. सरप्राईज असल्यामुळे वडिलांना समोर बसवता येणार नव्हतं, नवीन फोटोही काढता येणार नव्हता, होता तो एकच, वडिलांनी केळीच्या बागेत उभं राहून स्वतःच फ्रंट कॅमेऱ्याने काढलेला. उजेड चांगला होता, चेहरा स्वच्छ होता, मी दीड महिना त्यावर बसलो. कार्यक्रमात कापड काढलं, वडील एकदम खूश, म्हणाले अगदी मीच आहे. आणि त्यांच्या बायकोने, चाळीस वर्षं सोबत राहिलेल्या माणसाने, बराच वेळ चित्राकडे बघितलं आणि विचारलं, "हाऊ कोन शे?" (हा कोण आहे?)

लोक हसले. मला त्या रात्री झोप लागली नाही. घरी येऊन फोटो परत उघडला तर शर्टाचा खिसा उजव्या छातीवर! शर्टाचा खिसा डावीकडे असतो, म्हणजे फोटो आरशासारखा उलटा सेव्ह झालेला होता आणि मी तो जसाच्या तसा रंगवला होता, गालावरचा तीळ, भांग, भुवईवरची जुनी खूण, सगळं विरुद्ध बाजूला. वडिलांना ते बरोबर वाटलं कारण माणूस आयुष्यभर स्वतःला आरशातच बघतो, पण बाकी घर त्याला समोरून बघतं, आणि चेहऱ्याच्या दोन बाजू कोणाच्याच सारख्या नसतात. मी चेहरा पूर्ण नव्याने काढून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

तेव्हापासून सवयच लागली आहे. फोटो आला की आधी खिसा बघायचा, बायकांच्या फोटोत नथ बघायची (आपल्याकडे डाव्या नाकपुडीत असते), मागे दुकानाची पाटी असेल तर अक्षरं सरळ आहेत का ते बघायचं. काही फोन सेव्ह करताना फोटो सरळ करतात, काही करत नाहीत, सेटिंगवर असतं, त्यामुळे भरवसा ठेवू नका. आणि दुसऱ्या कोणीतरी काढलेले निदान दोन-तीन फोटो मागाच, लग्नातले, सहलीतले, हसतानाचे, बाजूने काढलेले. चित्र एकाच फोटोवरून होईल, पण माणूस बाकीच्या फोटोंमधून कळतो.

सेल्फीत दुसरी भानगड नाकाची. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. पाच-सहा फुटांवरून 2एक्स झूम करून काढलेला फोटो चालतो. गुपचूप काढायला सांगा, जेवताना, ओट्यावर बसलेले असताना, सकाळच्या उजेडात. आणि व्हॉट्सॅपवर साधा फोटो पाठवला की डिटेल मरतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

आता आलेलं नवीन खूळ म्हणजे ॲपमध्ये टाकून "क्लिअर" केलेले फोटो. आजोबांचा भिंतीवरचा पुसट फोटो मोबाईलने काढायचा, ॲपमध्ये टाकायचा, एका मिनिटात चकाचक चेहरा तयार. पोरांना वाटतं काम सोपं झालं. अरे, फोटोत जे नव्हतंच ते ॲपने आणलं कुठून? अंदाजाने भरलं! पापण्या भरल्या, दात भरले, डोळे कुठल्यातरी परक्या माणसाचे बसवले. मी असा फोटो घेतच नाही. मूळ फोटो फ्रेममधून काढून स्कॅन करून आणा, पुसट असला तरी तो त्या माणसाचा आहे. जिथे दिसत नाही तिथे मी त्यांच्या मुलाचा, भावाचा चेहरा बघतो, घरच्यांना विचारतो, रंग कसा होता, कपाळावर गोंदण होतं का, टोपी कशी घालायचे. याला वेळ लागतो. ज्याला वेळ नाही त्याने फोटोच मोठा करून फ्रेम करावा, त्यात काहीही वाईट नाही.

सरप्राईज ज्याला द्यायचं त्याच्यापासून लपवा, सगळ्या घरापासून नका लपवू. बायको, बहीण, जुना मित्र, कोणीतरी एक जण कटात पाहिजेच, आणि कच्चं स्केच झालं की रंगाआधी त्यांना दाखवायचं. धरणगावच्या त्या माऊलीला मी कोळशाच्या रेषा असतानाच दाखवलं असतं तर ती तिथेच बोलली असती.

डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर येतात, वर नाही. एकेक दात काढू नका.

सावलीला काळा रंग वापरू नका, त्वचा काजळी धरल्यासारखी दिसते. आपल्याकडचा उन्हात रापलेला रंग मला बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि यलो ऑकर (मातकट पिवळा) यांतून मिळतो, सावलीत त्याच सिएनात थोडा अल्ट्रामरीन निळा. आणि "थोडं गोरं करा ना" म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला प्रेमाने नाही म्हणा. टिटॅनियम व्हाइट थापला की चेहरा खडूसारखा होतो, आणि ज्या बापाने जन्मभर कापसात ऊन खाल्लं त्याचा रंग पुसायचा हक्क आपल्याला कोणी दिला?

शेवटचं, तारीख. पंधरा दिवसांवर कार्यक्रम असेल तर ऑइल घेऊच नका, ॲक्रिलिक करा. ऑइल पाण्यासारखं उडून वाळत नाही, त्यातलं तेल हवेशी मिळून हळूहळू घट्ट होतं, वरून कोरडं लागलं तरी जाड थर आत ओला असतो. माझ्या एका विद्यार्थ्याने असंच चित्र बबल रॅपमध्ये गुंडाळून मे महिन्यात एसटीने शिरपूरला पाठवलं, उघडलं तर गालभर गोल गोल ठसे. घाईत वॉर्निशही मारलेलं, त्यामुळे दुरुस्तीही अवघड. मी पातळ थरातल्या चित्रालाही वॉर्निशसाठी सहा महिने थांबतो, गिऱ्हाईकाला आधीच सांगतो की तेव्हा परत आणून द्या. ॲक्रिलिकचं उलटं, 44 डिग्रीत ते पॅलेटवरच वाळतं, खाली ओला टिश्यू ठेवा. आणि कापसाच्या सीझनला खिडकी बंद, ओल्या रंगावर तंतू बसला की निघता निघत नाही.

पॅकिंगला चारही कोपऱ्यांवर जाड पुठ्ठा लावायचा, रंगाला काहीही टेकू द्यायचं नाही, उभंच न्यायचं. आणि कार्यक्रमापर्यंत गाडीच्या डिक्कीत उन्हात ठेवू नका, शेजारच्या काकूंकडे सावलीत ठेवायला द्या.