भस्त्रिका, गुडघे आणि घाई: या चुका टाळा

फोंड्यात एका देवळाच्या अग्रशाळेत (भाविकांच्या उतरण्याच्या जागेत) आम्ही सकाळी सहाला जमतो. थोडी आसनं, थोडा प्राणायाम, शेवटी चीगाँग, म्हणजे श्वास आणि संथ हालचालींचा चिनी व्यायाम. नवीन माणूस काय घोळ घालणार हे मला तो चपला कशा काढतो त्यावरूनच कळतं. एक इकडे, एक तिकडे भिरकावून आत शिरला की समजायचं, याला पहिल्याच दिवशी भस्त्रिका हवी, म्हणजे भात्यासारखा जोरजोरात श्वास.

आमच्या शेजारचे काका तसेच. बँकेतून निवृत्त झाले आणि मोबाइलवरच्या व्हिडिओला गुरू केलं. मे महिन्याच्या घामट सकाळी बलकांवात (घरापुढच्या ओसरीत) बसून पाच मिनिटं न थांबता भाता चालवला. काकी ओरडत आल्या, "गे बाय, यांचे हात बघ!" बोटं आत वळून ताठरलेली, ओठ बधिर, चेहरा पांढराफटक. हार्टच असणार म्हणून गाडी काढली. दवाखान्यात ईसीजी स्वच्छ निघाला. झालं असं की श्वासाच्या भडिमारात रक्तातला कार्बन डायऑक्साइड घसरला होता. तो घसरला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून चक्कर. मुंग्या आणि पेटके त्याच्याच मागून येतात. काका मात्र गाडीत कण्हत म्हणत होते, "ऊर्जा जागी होतेय!"

जुन्या हठयोग्यांनी श्वासाला सिंह, हत्ती आणि वाघाच्या पंक्तीला बसवलंय ते उगाच नाही. हळूहळू माणसाळवायचा, नाहीतर अंगावर येतो.

माझ्याकडे पहिले तीन आठवडे एकच काम: नाकाने चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. रोखायचा नाही. कंटाळा येतो? येऊ दे. कंटाळून जे पळतात त्यांना मी फोन करत नाही. रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, गरोदरपण किंवा पोटाची ताजी शस्त्रक्रिया असेल तर कपालभाती आणि भस्त्रिकेच्या वाटेला जाऊच नका. मुंग्या आल्या की थांबा. छातीत दुखलं तर प्राणायाम करून बघू, असं म्हणायचं नाही. सरळ डॉक्टर.

दुसरी चूक माझी स्वतःची. चीगाँगमध्ये झान झुआंग म्हणून प्रकार आहे, म्हणजे खांबासारखं उभं राहणं. दिसायला काहीच नाही. मी तो मिरामारच्या वाळूत, समुद्राकडे तोंड करून, सुरुवातीलाच वीस-वीस मिनिटं केला. किनारा पाण्याकडे उतरता असतो. पावलं उताराला लागली आणि सगळा भार गुडघ्यांवर आला. पंधरा दिवसांत उजवा गुडघा सुजला. पुढे दोन महिने देवळाच्या पायऱ्या कठड्याला धरून चढले. आता मी अंगणातल्या सपाट, घट्ट जमिनीवर उभी राहते. उंच स्टुलाला नुसतं टेकावं तेवढाच वाक, गुडघा पावलाच्या बोटांपुढे नाही. सुरुवात दोन मिनिटांनी. फोटो वाळूत छान येतात, मान्य.

ताई ची, म्हणजे संथ हालचालींचा आणखी एक चिनी प्रकार, तो "सात दिवसांत" शिकवा म्हणणारेही भेटतात. तुम्ही जो चोवीस हालचालींचा क्रम मागताय, तो चीनमध्ये 1956 साली सामान्य माणसाला जमावा म्हणून मुद्दाम आखूड करून बसवलेला आहे. आता आखूडाचंही आखूड कुठून आणू? मी महिनाभर पहिल्या चार-पाच हालचालीच घेते.

बाकीच्या चुका थोडक्यात. हुमण-शीत (माशाची आमटी-भात) जेवून लगेच चटईवर येऊ नका, तीन तास जाऊ द्या. उभ्याने करताना डोळे मिटू नका, तोल जातो. शवासन चुकवून ऑफिस गाठणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

आणि पावसाळ्यात चटई गुंडाळून कपाटात कोंबू नका. आठवड्यात बुरशी धरते, आणि मग त्याच चटईवर नाक टेकून तुम्ही दीर्घ श्वास घेता. दोरीवर पसरून ठेवा, पंख्याखाली.