गाजराच्या पाल्यातला मोझॅक

गिरगावातल्या आमच्या चाळीत मोझॅकच्या लाद्या होत्या. वनस्पतिरोगशास्त्राच्या तासाला तोच शब्द पानांवर फिके-गडद चट्टे पाडणाऱ्या विषाणूरोगाचं नाव म्हणून आला, तेव्हा डोळ्यांपुढे त्याच ठिपकेदार लाद्या उभ्या राहिल्या. पुढे ही आठवण मला नडली.

आम्हा मुंबईकरांना गाजराचा पाला फारसा दिसतच नाही. दादरच्या मंडईत गाजरं येतात ती शेंडे छाटूनच. प्रयोगशाळेत लागल्यावर पाल्यासकट आलेला पहिला नमुना उघडला, पिवळी पानं दिसली आणि मी वहीत ‘मोझॅक’ लिहून मोकळी झाले. मॅडमनी एवढंच विचारलं, ‘‘पिवळं पान बाहेरचं की गाभ्यातलं?’’ बाहेरचं होतं. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, तोही जुन्या पानांवर. मॅग्नेशियम कमी पडलं होतं!

तेव्हापासून आधी गाभ्यातलं कोवळं पान बघते. गाजराचं पान इतकं कातरलेलं असतं की टेबलावर ठेवून काही कळत नाही. देठ धरून खिडकीच्या उजेडात धरा, पाती बोटाने पसरवा. फिका आणि गडद हिरवा रंग एकमेकांत विरघळल्यासारखा दिसला, डागाला ठाम कड नसली, तर मोझॅकचा संशय घ्या. सुकलेले तपकिरी डाग असतील तर करप्याकडे वळा. पाला तांबूस झालाय, शेंड्याला पिवळ्या फुटव्यांचा झुपका आणि गाजरावर केसासारखी मुळं आहेत? मग फायटोप्लाझ्मा, म्हणजे झाडात राहणारा एक प्रकारचा सूक्ष्म जिवाणू, तपासा. तो तुडतुडे पसरवतात.

शेतकऱ्याला दोन गोष्टी विचाराच: मावा होता का, आणि शेजारी सेलरी किंवा कोथिंबीर होती का? सेलरी मोझॅक विषाणू गाजराच्याच कुळातल्या या पिकांवर फिरतो. मावा सोंड खुपसून काही सेकंदांत तो उचलतो आणि पुढच्या झाडाला देतो. त्यामुळे औषधाने मावा मरेपर्यंत काम उरकलेलं असतं. फवारणी करूनही रोग कसा आला, असं विचारणाऱ्या शेतकऱ्याला हे नीट समजावून सांगावं लागतं.

नुसत्या डोळ्यांनी विषाणूचं नाव मात्र सांगू नका. त्यासाठी प्रयोगशाळेत इलायझा किंवा आरटी-पीसीआर ही विषाणू ओळखण्याची चाचणी करावी लागते, आणि तिथवर नमुना धड पोचला पाहिजे. मी एकदा ओल्या फडक्यात गुंडाळून, पिशवीला गाठ मारून लोकलने आणला. संध्याकाळच्या गर्दीतून उतरेपर्यंत पाल्याचा लगदा झाला होता. आता कोरड्या कागदात गुंडाळते, बर्फाच्या पाकिटांसोबत थर्माकोलच्या खोक्यात ठेवते आणि त्याच जातीच्या निरोगी झाडाचं पानही वेगळ्या पिशवीत घेते. ते नसेल तर इलायझाच्या प्लेटवर तुलना करायची कशाशी?