पीएचपीमध्ये नावावरून फंक्शन कॉल करताना

व्हेरिएबलमध्ये फंक्शनचं नाव स्ट्रिंग म्हणून ठेवा, पुढे कंस द्या, की पीएचपी ते फंक्शन चालवतं:

$काम = 'पावती_छापा';
$काम($ऑर्डर);

(देवनागरी नावं पीएचपीला खुशाल चालतात, फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा म्हणजे झालं.) इको, इससेट, एम्प्टी, अनसेट यांना मात्र असं बोलावता येत नाही. ती फंक्शन्स नाहीत, भाषेच्याच रचना आहेत. गरज पडली तर त्यांच्याभोवती स्वतःचं छोटं फंक्शन लिहा.

खरा धोका असतो तो नाव यूआरएलमधून किंवा फॉर्ममधून येतं तेव्हा. ते थेट कॉल केलंत आणि आर्ग्युमेंटही (फंक्शनला दिलेली माहिती) तिथूनच घेतलंत, तर समोरचा 'सिस्टिम' (कमांड चालवणारं फंक्शन) हे नाव पाठवून सर्व्हरवर हवी ती कमांड चालवू शकतो. बंदी घातलेल्या नावांची यादी करून भागत नाही, कारण पीएचपी फंक्शनच्या नावात इंग्रजी कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत फरक करत नाही. स्पेलिंगमधलं एक अक्षर कॅपिटल केलं, की तुमची तुलना चुकते आणि फंक्शन मात्र चालतं. म्हणून परवानगी असलेल्या कामांचाच तक्ता ठेवा:

$कामे = [
  'पावती' => पावती_छापा(...),
  'यादी' => यादी_दाखवा(...),
];
$कृती = $कामे[$मागणी] ?? $कामे['यादी'];
$कृती($ऑर्डर);

त्याआधी $मागणी, म्हणजे बाहेरून आलेलं नाव, खरोखर स्ट्रिंग आहे ना, ते इज_स्ट्रिंगने तपासा. यूआरएलमध्ये चौकटी कंस घालून कोणी ॲरे पाठवला, तर पीएचपी ८ मध्ये तक्त्याच्या ओळीवरच टाइपएरर येतो.

नावापुढे (...) लिहून फंक्शन न चालवता नुसतं हाती घेण्याची, तीन टिंबांची ही पद्धत पीएचपी ८.१ पासून आहे. तिचा मोठा फायदा नेमस्पेसमध्ये (नावांचे गट पाडायची सोय) दिसतो. नाव स्ट्रिंगमध्ये असेल तर नेमस्पेससकट पूर्ण लिहावं लागतं, 'दुकान\पावती_छापा' असं. नाहीतर 'असं फंक्शन नाही' हा एरर ठरलेलाच. तीन टिंबांत पीएचपी नेमस्पेस स्वतः जोडून घेतं. शिवाय नाव चुकलं तर तक्ता बनतानाच कळतं.

आर्ग्युमेंट्स ॲरेत असतील तर $कृती(...$माहिती) असं पसरा. कॉल_यूझर_फंक_ॲरेची गरज फारशी उरत नाही. दोन्हीकडे एक खोच सारखीच आहे: ८.० पासून ॲरेच्या स्ट्रिंग की म्हणजे पॅरामीटरची नावं धरली जातात. डेटाबेसमधून आलेली ओळ जशीच्या तशी पसरली आणि एखादी की पॅरामीटरशी जुळली नाही, की 'अननोन नेम्ड पॅरामीटर' असा एरर येतो. क्रमानेच द्यायचं असेल तर आधी ॲरे_व्हॅल्यूजमधून काढा. रेफरन्सने, म्हणजे मूळ व्हेरिएबलच, घेणाऱ्या फंक्शनसाठी कॉल_यूझर_फंक वापरू नका. ते किंमतीची प्रत देतं, मूळ व्हेरिएबल बदलत नाही.

ऑब्जेक्टच्या प्रॉपर्टीत क्लोजर (बिननावाचं फंक्शन) ठेवलं असेल तर $फॉर्म->तपासणी($नाव) म्हटल्यावर पीएचपी त्या नावाची मेथड शोधतं. जादा कंस हवा: ($फॉर्म->तपासणी)($नाव).

मेथड आहे का हे मेथड_एक्झिस्ट्सने पाहिलं तर प्रायव्हेट (फक्त क्लासच्या आतून चालणाऱ्या) मेथडलाही होकार मिळतो. बाहेरून कॉल करायची असेल तर इज_कॉलेबल वापरा. क्लासमध्ये जादूची __कॉल मेथड (नसलेल्या मेथडचे कॉल झेलणारी) असली तर मात्र तेही कुठल्याही नावाला हो म्हणतं.

जुन्या कोडमध्ये क्रिएट_फंक्शन (स्ट्रिंगमधल्या कोडवरून फंक्शन बनवणारं) आढळलं तर ते काढावंच लागेल. ७.२ मध्ये ते कालबाह्य ठरलं, ८.० मध्ये गेलं. त्याजागी साधं क्लोजर लिहा.