ओपनिंगमधल्या या चुका टाळा: मोहरं कुठे गेलं ते दिसतं, मागे काय उघडं पडलं ते दिसत नाही

रविवारी सकाळी मी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांना बुद्धिबळ शिकवते. स्पर्धेहून आलेली मुलं आपापल्या स्कोअरशीट, म्हणजे चाली लिहिलेले कागद, माझ्यासमोर ठेवतात. हरलेल्या डावात पहिल्या चार-पाच चाली सहसा बिनचूक असतात आणि घोटाळा त्याच्या पुढच्या चालीला होतो. "ताई, ओपनिंग विसरलो," असं मूल सांगतं, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या पाठ केलेल्या चाली. पण विसरण्यासारखं काही नसतंच. प्रतिस्पर्ध्याने पाठांतराबाहेरची चाल केली आणि मुलाने समोर दिसलेलं प्यादं मारलं, एवढंच झालेलं असतं. उचललेलं मोहरं कुठे चाललंय हे त्याला नीट दिसलं. ते ज्या घरातून उठलं, त्या घरामुळे काय अडलेलं होतं, याचा विचार मात्र झाला नाही.

खालच्या चाली पट मांडूनच बघा. उभ्या पट्ट्या ए ते एच आणि आडव्या ओळी १ ते ८, त्यावरून घराचं नाव; मोहऱ्याचं नाव नसेल तर ती प्याद्याची चाल, आणि प्रत्येक जोडीत आधी पांढऱ्याची, मग काळ्याची. नुसतं वाचून कळणार नाही.

इटालियन ओपनिंग घ्या. ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६. आता पांढरा घोडा जी५ वर उडी मारतो. एफ७ च्या प्याद्याला फक्त राजाचा जोर, आणि त्यावर उंट आणि घोडा दोघांची नजर. काळा डी५ खेळून उंटाची वाट अडवतो, ते बरोबरच आहे. पांढरा ई प्याद्याने डी५ मारतो. इथे दहातली नऊ मुलं एफ६ च्या घोड्याने ते प्यादं परत मारतात. चाल दिसायलाही किती सरळ! पण तो घोडा उठला आणि एफ पट्टी मोकळी झाली. पांढरा घोडा एफ७ वर स्वतःला झोकून देतो, राजाला तो मारावा लागतो, आणि वजीर एफ३ वर येऊन शह देतो. त्याच चालीत डी५ च्या घोड्यावरही वजिराची नजर पडते. घोडा एफ६ वर असता, तर हा शह लागलाच नसता. हाच तो 'फ्राइड लिव्हर' हल्ला. इटलीचा जुना बुद्धिबळपटू पोलेरिओ याच्या काळापासून, म्हणजे सुमारे ४०० वर्षं, लोक त्यात सापडत आलेत.

मग करायचं काय? पाचव्या चालीला प्याद्याचा नाद सोडा आणि सी६ चा घोडा ए५ वर नेऊन उंटावर हल्ला करा. उंट बी५ वरून शह देईल, सी६ ने तो अडवा. एक प्यादं जाईल, पण तुमची मोहरी भराभर बाहेर येतील आणि जी५ चा घोडा एच६ ने हुसकता येईल. प्यादं देऊन वेळ घेणं हा सौदा दहा वर्षांच्या मुलालाही समजतो, फक्त कुणीतरी पटावर दाखवावा लागतो.

वजिराच्या बाजूच्या ओपनिंगमध्येही तेच. डी४ डी५, सी४. काळ्याने सी४ चं प्यादं मारलं, त्यात काहीही गैर नाही. चूक पुढे होते: ते प्यादं जन्मभर सांभाळायचं असं तो ठरवतो. पांढरा ई३, काळा बी५. पांढरा ए४, काळा सी६. पांढरा बी५ मारतो, काळा सी प्याद्याने परत मारतो. आणि पांढरा वजीर एफ३ वर येतो! एफ३ पासून ए८ पर्यंतचा कर्ण बघा. त्यावर काळ्याच्या अर्ध्यात डी५, सी६, बी७ अशी तीन घरं आहेत. तिन्हीवर काळ्याची प्यादी होती आणि एका प्याद्याच्या हव्यासापायी तिन्ही उठून गेली. आता हत्ती वाचवायला एक मोहरं द्यावंच लागतं. सी४ चं प्यादं सोडा, घोडे बाहेर काढा, योग्य वेळी सी५ करा.

काळ्याने सी४ न मारता ई६ खेळलं, तर चूक पांढऱ्याची होऊ शकते. घोडा सी३ घोडा एफ६, उंट जी५, बी८ चा घोडा डी७, सी प्याद्याने डी५ मारलं, ई प्याद्याने परत मारलं. पांढऱ्याला वाटतं, एफ६ चा घोडा वजिरापुढे बांधला गेलाय (हलला तर मागचा वजीर जाईल), डी५ चं प्यादं फुकटच आहे. म्हणून तो सी३ च्या घोड्याने ते मारतो. काळा बांधलेल्या घोड्याने बेधडक तो घोडा मारतो, पांढरा जी५ च्या उंटाने काळ्याचा वजीर मारतो, आणि काळा उंट बी४ वर येऊन शह देतो. सी३ चा घोडा नाही, मधे घालायला पांढऱ्याकडे वजिराशिवाय काहीच नाही. हिशेब संपतो तेव्हा काळ्याकडे एक घोडा जास्त, बदल्यात एक प्यादं कमी.

फ्रेंच डिफेन्समध्ये हीच गोष्ट काळ्याच्या अंगाशी येते. ई४ ई६, डी४ डी५, ई५ सी५, सी३ घोडा सी६, घोडा एफ३ वजीर बी६, उंट डी३. काळा सी५ च्या प्याद्याने डी४ चं प्यादं मारतो, पांढरा सी प्याद्याने परत मारतो. डी४ वर काळ्याचे दोन मारेकरी दिसतात, म्हणून तो घोड्याने मारतो, पांढरा घोड्याने परत मारतो, मग काळा वजिराने. लगेच उंट बी५ वरून शह आणि डी१ च्या वजिराने डी४ चा वजीर साफ. सी६ वर घोडा असेपर्यंत त्या शहाची वाट बंद होती. आधी उंट डी७ वर ठेवला असता, तर धमकी खरी झाली असती. एका चालीचा धीर.

लंडन सिस्टिम या पांढऱ्याच्या ठरावीक मांडणीबद्दल माझं मत जरा कडक आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ती पहिली ओपनिंग म्हणून शिकवू नये. समोरचा काहीही खेळो, आपण उंट एफ४, ई३, सी३ करत राहायचं, ही सवय एकदा लागली की सुटत नाही. डी४ डी५, उंट एफ४ घोडा एफ६, ई३ सी५, सी३ घोडा सी६, घोडा एफ३, आणि काळा वजीर बी६ वर येतो. सी१ चा उंट बाहेर गेल्यावर बी२ चा राखणदार गेला, हे लक्षातच आलेलं नसतं. पांढरा वजीर बी३ वर ठेवा. काळ्याने सी४ केलं, तर वजीर सी१ वर न्या. सी२ वर नेलात तर काळा उंट एफ५ वर येतो, आणि तो वजिराने मारलात की काळा वजीर बी२ चं प्यादं खाऊन कोपऱ्यातल्या हत्तीवर पडतो.

किंग्ज इंडियन या काळ्याच्या बचावात काळा मुद्दाम पटाचा मध्य पांढऱ्याला देतो. आपल्याकडच्या जुन्या देशी बुद्धिबळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं, त्यामुळे उंट कोपऱ्याशी ठेवून हळूहळू मांडणी करणं सवयीचं होतं. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याचे महेशचंद्र बॅनर्जी स्कॉटिश खेळाडू जॉन कॉक्रनविरुद्ध असंच खेळत, आणि 'इंडियन डिफेन्स' हे नाव तिथूनच पडलं. यामागचा विचार असा की प्यादं पुढे जातं, पण मागे येत नाही. जितकी प्यादी पुढे, तितकी मागची घरं कायमची उघडी. पण मुलं राजाचं कॅसलिंग करून (राजाला हत्तीच्या आडोशाला नेऊन) स्वस्थ बसतात, प्यादं ई५ किंवा सी५ वर ढकलून मध्याला धक्का देतच नाहीत, आणि मग गुदमरतात. धक्का द्यायचा नसेल, तर ही ओपनिंग खेळूच नका.

सरावासाठी वर्गात आम्ही शेंगदाणे वापरतो. चाल करायची, रिकाम्या झालेल्या घरात शेंगदाणा ठेवायचा, आणि त्या घरावरून जाणारे कर्ण व पट्ट्या मोठ्याने सांगायच्या. पहिल्या दहा चालींपुरतंच. सुरुवातीला एका डावाला तास लागतो. महिन्याभरात मुलं शेंगदाणा न ठेवताच रिकाम्या घराकडे बघायला लागतात.

आणि फ्राइड लिव्हरमध्ये सापडलातच, तर डाव सोडू नका. एफ३ च्या शहानंतर राजा घाबरून जी८ वर पळवला, तर उंट डी५ मारून शह देतो आणि पुढे मात होते. राजा ई६ वर आणा आणि डी५ च्या घोड्याला जोर द्या. पांढरा घोडा सी३ वर येईल, तेव्हा तुमचा सी६ चा घोडा बी४ किंवा ई७ वर न्या. राजा पटाच्या मधोमध उघड्यावर उभा असेल, पण तुमच्याकडे एक घोडा जास्त आहे आणि तो अजून तरी पडलेला नाही.