भाड्याच्या फ्लॅटमधला बेनावी सिलिंडर

आधीचा भाडेकरू सिलिंडर ठेवून गेला, पण गॅसचं पुस्तक कुणाकडेच नाही. मग नंबर लागत नाही आणि लोक नाइलाजाने ब्लॅकने भरून घेतात. तसं करू नका.

१. तो सिलिंडर घरमालकाच्या ताब्यात द्या.

२. जवळच्या एजन्सीतून ५ किलोचा छोटा सिलिंडर घ्या. इंडियन ऑइलचा ‘छोटू’ म्हणतात तो. ओळखपत्र पुरतं, पत्त्याचा पुरावा लागत नाही. दोघांच्या स्वयंपाकाला सुरुवातीला हा खरंच आधार आहे.

३. भाडेकरार हातात आला की तोच पत्त्याचा पुरावा म्हणून देऊन स्वतःच्या नावाने कनेक्शन घ्या.

सिलिंडर घेताना कड्याखालच्या पट्टीवर आतून लिहिलेलं वाचा: ‘बी-२७’ म्हणजे चाचणीची मुदत जून २०२७पर्यंत. मुदत उलटलेला असेल तर दारातूनच परत पाठवा.